केंद्राच्या नमुन्यातली जात

माझ्या मुलीला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी लागायच्या बेतात आली, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ती परीक्षा तिनं दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. तिसऱ्यांदा यादीत नाव आलं. कागदपत्रं तपासायला सहा आठवड्यांनी बोलावलं होतं, आणि सोबत काय काय आणायचं त्याची लांबलचक यादी होती. त्यात एक कागद असा होता : जातीचा दाखला, केंद्र सरकारच्या विहित नमुन्यात.

दाखला आमच्याकडे होता. ती शाळेत असताना काढलेला, लॅमिनेट करून ठेवलेला. त्यावर तिचं नाव, माझं नाव, जात, सही, शिक्का, सगळं होतं. पण तो राज्याच्या नमुन्यात होता. दोन्ही नमुने मी शेजारी ठेवून वाचले. जात तीच, माणूस तोच, सही करणारा अधिकारीही त्याच खुर्चीतला. फक्त वरचं डोकं वेगळं. शिवाय ज्या राज्याच्या नमुन्यात आमचा दाखला होता, त्या राज्यात आम्ही आता राहत नव्हतो. घर आम्ही बदललं नव्हतं. राज्य मधोमध चिरलं गेलं आणि आमचं हैदराबादेतलं नल्लकुंट्याचं बिऱ्हाड नव्या तुकड्यात आलं.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा होत होतं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा नांदेडकडच्या एका खेड्यात जन्मले तेव्हा तिथंही निजाम होता आणि हैदराबादेतही निजाम. सात वर्षांचे असताना ते त्यांच्या वडिलांबरोबर हैदराबादला आले. आजोबांना गिरणीत काम मिळालं होतं. एका जिल्ह्यातून त्याच राज्याच्या राजधानीत आलेला माणूस परका कसा होईल? पुढं राज्यं भाषेवर तोडली गेली आणि दादा झोपेत असताना परप्रांतीय झाले.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं मी जे बोलेन ते कोणाच्या तोंडचं आहे हे कळेल. मी चौतीस वर्षं राज्य सरकारच्या एका खात्यात कारकुनी केली. माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांपैकी निम्म्यांवर मी एकच वाक्य लिहिलं असेल. सदर बाब केंद्र सरकारच्या अखत्यारीत येत असल्याने या कार्यालयास काही करता येत नाही. तेलुगूत ते फार भारदस्त दिसतं. लोक ते वाक्य घेऊन केंद्राच्या कचेरीत जात आणि तिथून 'हा राज्याचा विषय आहे' असं वाक्य घेऊन परत येत. काही जण दोन-तीनदा येत. मग यायचे थांबत. आम्ही त्याला 'प्रकरण निकाली निघालं' म्हणत असू. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घेणारे कारकून पेन्शनीपर्यंत पोचत नाहीत.

मुलीला घेऊन मी आमच्या भागाच्या तहसील कचेरीत गेलो. खिडकीवरची बाई सज्जन होती. तिनं फॉर्म दिला, मुलीनं तो उभ्याउभ्या भरला. धर्माच्या रकान्यात तिनं 'बौद्ध' लिहिलं. बाईनं पेन्सिलीनं त्या शब्दाखाली रेघ ओढली.

"अम्मा, हिंदू लिख दो ना. जल्दी होता."

"कानून में बौद्ध चलता है, मॅडम," मुलगी म्हणाली.

"चलता है. पर देर से चलता है."

मुलीनं शब्द बदलला नाही. मला क्षणभर वाटलं, बदलावा. हेही कबूल करतो.

आठ दिवसांनी तहसीलदारानं आत बोलावलं. पस्तिशीचा असेल, नव्यानं बदलून आलेला. त्यानं फॉर्म उलटसुलट पाहिला, माझं आडनाव दोनदा वाचलं.

"सार, आप लोगां तो महाराष्ट्र के हैं."

"मी इथं जन्मलो. माझी मुलगी इथं जन्मली. माझे वडील इथल्या शाळेत शिकले," मी त्याला त्याच्याच भाषेत, तेलुगूत सांगितलं.

"पर मदरटंग मराठी. नेटिव्ह कौनसा?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. अडचणीतून वाट सापडली की अधिकाऱ्याचा चेहरा असाच खुलतो. मी तो कित्येक वर्षं रोज आरशात पाहिला आहे.

"वहां का सर्टिफिकेट लाओ, आपके फादर का. वो देखके हम मायग्रंट का देते."

"मग हा आधीचा दाखला?"

"वो तो ओल्ड स्टेट का है सार." जुनं राज्य म्हणजे कोणी दिवाळखोर दुकानदार असावा आणि त्याची पावती आम्ही वटवायला आणली असावी, असा त्याचा सूर होता.

सहा आठवड्यांतले तीन उरले होते. आम्ही सकाळची बस धरून तालुक्याच्या गावी गेलो. मुलगी त्या बाजूला पहिल्यांदाच चालली होती. तिला मराठी बोलता येतं, पण वाचताना ती अक्षरं जोडत जोडत जाते. सीमा ओलांडल्यावर दुकानांच्या पाट्या मराठीत सुरू झाल्या तशी ती एकेक पाटी मोठ्यानं वाचायला लागली. मला उगाचच बरं वाटलं.

स्टँडवर आम्ही चहा घेतला. टपरीच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. कुठून आलात, कोणत्या गावचे, त्यानं विचारलं. मी गाव सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं.

"म्हणजे वेशीबाहेरच्या आळीतले," तो म्हणाला आणि बाकावर जरा सरकून बसला. आमच्यापासून लांब.

दोन सरकारांना जे ठरवता येत नव्हतं ते त्या म्हाताऱ्यानं चहाचा कप संपायच्या आत ठरवलं. ना फॉर्म, ना शिक्का.

कचेरीतला अव्वल कारकून मात्र गोड निघाला. "अरे वा! हैदराबादला राहून मराठी टिकवलीत!" म्हणाला. आमच्यासाठी चहा सांगितला. मुलीला 'ताई' म्हणाला. माझ्या बोलण्यातला एखादा दखनी शब्द आला की हसायचा. आमची विचारपूस झाली, मराठी भाषेची काळजी करून झाली, मग त्यानं विचारलं, "तुमचे आजोबा तिकडं कधी गेले?"

"दादा सात वर्षांचे होते. निजाम होता अजून."

"म्हणजे पन्नास साली राष्ट्रपतींची अनुसूचित जातींची यादी निघाली, तेव्हा तुमचं कुटुंब हैदराबादेत होतं?"

"होतं."

"मग साहेब, तुम्ही आमचे नाही. यादी निघाली त्या दिवशी माणूस जिथं राहत होता, तिथला तो धरायचा. नियम आहे. आणि तेव्हा महाराष्ट्र तरी कुठं होता?"

"तेलंगणाही नव्हता," मी म्हणालो.

"तो त्यांनी बघावा."

"एवढंच लेखी द्याल का? की आम्ही तुमचे नाही म्हणून?"

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "लेखी कशाला? आपल्या माणसाला तोंडी सांगतोय ना."

बसमध्ये मुलीनं फाईलमधले कागद पुन्हा नीट लावले. मग म्हणाली, "पप्पा, तो आपल्याला आपली माणसं म्हणाला आणि त्याच वाक्यात नाही म्हणाला."

"नोकरीत शिकवतात ते," मी म्हणालो.

तिथून आम्ही तिसरं दार गाठलं. जिथं तिला नोकरी लागायची होती त्याच केंद्राच्या कार्यालयात जाऊन सगळी हकीकत सांगावी, असं मुलीनं ठरवलं. मोठं आवार, फाटकावर बंदूकधारी, आत थंडगार हवा. अधिकारी उत्तरेकडचा होता, अतिशय अदबीनं बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडल्यासारखे केले.

"देखिए, कास्ट सर्टिफिकेट तो स्टेट सब्जेक्ट है. हम इसमें कुछ नहीं कर सकते."

मुलगी म्हणाली, "सर, जातींची यादी दिल्लीनं काढली. नमुना दिल्लीचा. नोकरी दिल्लीची. राज्याची फक्त सही आहे."

"हाँ, तो सही ही तो चाहिए, बेटा," तो हसून म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं की त्या दिवशी दाखला नसेल तर तिला सर्वसाधारण गटात धरतील, आणि त्या गटाला किती गुण लागले ते तिनं बाहेर फलकावर बघून घ्यावं. तिला त्याहून थोडे कमी होते. ते तिला पाठ होतं.

मी त्या माणसावर चिडायला हवं होतं. चिडता आलं नाही. त्याचं वाक्य माझ्या वाक्याचं जुळं भावंड होतं. इतकी वर्षं मी त्याला इकडून ढकलत होतो, तो तिकडून ढकलत होता, आणि आमची आज पहिल्यांदा भेट होत होती.

त्या दिवसांत शहरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. राज्याचं सरकार आणि केंद्राचं सरकार हातघाईवर आली होती. उड्डाणपुलाच्या एका खांबावर राज्याच्या नेत्याचा फोटो, दिल्लीपुढं मान तुकवणार नाही म्हणून. पुढच्या खांबावर केंद्राच्या नेत्याचा, राज्याला आम्ही किती दिलं म्हणून. टीव्हीवर रोज संध्याकाळी भांडण. कराचा वाटा कुणी खाल्ला, दवाखाना कुणाच्या पैशानं झाला, रेशनच्या तांदळाच्या पिशवीवर फोटो कुणाचा असावा. तांदळात खडे कुणाचे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. हक्क म्हटलं की दोघंही छाती काढून पुढं यायचे. काम म्हटलं की दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवायचे. घटनेत याद्या आहेत, एक केंद्राची, एक राज्यांची, एक दोघांची मिळून. मी त्या खात्याच्या परीक्षेसाठी घोकल्या होत्या. माझ्या अनुभवानं सांगतो, त्या तीन याद्यांखेरीज एक चौथी आहे, कुणाचीच नसलेली, आणि सामान्य माणसाचं बहुतेक सगळं आयुष्य त्या यादीत आहे.

दादांना आम्ही आतापर्यंत काही सांगितलं नव्हतं. वय सत्त्याऐंशी, पाय अधू, पण डोकं लख्ख. मुलीनंच एका दुपारी त्यांना सांगून टाकलं.

"यादी निघाली त्याच्या आधी मी इथं होतो, एवढंच दाखवायचंय ना?" दादा म्हणाले. "मग शाळेत चला. माझं नाव असेल तिथं."

ती शाळा अजून चालू होती. सरकारी, उर्दू माध्यमाची, गळक्या छपराची. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या बाई होत्या. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांनी 'उद्या या' म्हटलं नाही. शिपायाला शिडी आणायला सांगितली, आतल्या खोलीतून धुळीनं माखलेली दाखल-खारीजची वही काढवली, आणि अर्ध्या तासात पान सापडलं. या सगळ्या प्रकरणात ज्या एका सरकारी जागेनं आपलं काम केलं ती ही. तिला कुठल्याच सरकारचा फोटो लावायलाही धड भिंत नव्हती.

दादांनी वही पुढ्यात ओढली. त्यांना उर्दू येतं, मला येत नाही. त्यांचं बोट उजवीकडून डावीकडं सरकू लागलं आणि ते मोठ्यानं वाचू लागले. त्यांचं नाव. वडिलांचं नाव. पेशा, गिरणी मजदूर. राहण्याचा मोहल्ला. दाखल झाल्याची तारीख. तारीख यादीच्या आधीची होती. मुलीनं माझा हात घट्ट धरला.

मग बोट एका रकान्यावर थांबलं. दादा वाचेनात.

"काय लिहिलंय दादा?" मुलीनं विचारलं.

"जात."

"हो, पण काय?"

दादांनी वही मिटली नाही, पण बोट उचललं. बाईंनी वाकून तो रकाना पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली. त्या काळी आमच्या लोकांना हाक मारायला जो शब्द वापरत, तोच शाळेच्या मास्तरानं टाकानं सुबक अक्षरात लिहून ठेवला होता.

"जनाब," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी या पानाची नक्कल शिक्का मारून देते. सोबत इंग्रजीत उतारा देते. त्या रकान्यात फक्त 'मूळ वहीप्रमाणे' एवढंच लिहिते."

दादांनी त्यांना सलाम केला. त्यांनी कुणा अधिकाऱ्याला सलाम केलेला मी आजवर पाहिलेला नाही.

कागद घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही तहसील कचेरीत गेलो तर कचेरी रिकामी. खिडकीवरच्या बाईनं सांगितलं, साहेब चार दिवस मैदानावर आहेत, सभेची तयारी. कसली सभा? राज्याच्या हक्कांसाठी. केंद्राच्या अन्यायाविरुद्ध.

आमच्याकडं नऊ दिवस उरले होते. दादा म्हणाले, "मग मैदानावर चला."

मी नको म्हणत होतो. ऑटोतून त्यांना नेणं म्हणजे हाल. पण ते तयार होऊन बसले, धुतलेला सदरा घालून. मैदानावर मांडव उभा राहत होता. लाल खुर्च्यांचे ढीग, पाण्याच्या पाकिटांची पोती, आणि मधोमध आमचा तहसीलदार, हातात यादी, कोणत्या मंडलातून किती बसेस येणार ते मोजत होता. माझ्या अर्जाला ज्यानं तीन मिनिटं दिली नव्हती तो खुर्च्यांच्या रांगा सरळ आहेत का ते एक डोळा मिटून बघत होता.

"सार, यहां भी?" मला पाहून तो म्हणाला.

"तुम्ही तिथं नाही म्हणून इथं," मी म्हणालो.

एका लाल खुर्चीवर दादांना बसवलं. मी शाळेचे कागद पुढं केले. त्यानं उर्दूची नक्कल उलटी धरली. ती भाषाही त्याच्या राज्याची राजभाषा आहे, दुसऱ्या नंबरची. मी कागद सरळ करून दिला. इंग्रजी उतारा त्यानं नीट वाचला. तारखेवर अडला, पुन्हा वाचली.

"तारीख ठीक है. पर कास्ट के कॉलम में ये क्या? 'मूळ वहीप्रमाणे'? रजिस्टर में क्या है?"

त्यानं नक्कल दादांपुढं धरली. "आप उर्दू पढते ना? पढो. क्या लिखा है?"

दादांनी कागदाकडं पाहिलं नाही, त्याच्याकडं पाहिलं.

"आमचं आडनाव वाचून तुमच्या मनात जो शब्द आला," दादा म्हणाले, "तोच लिहिलाय."

तहसीलदार लाल झाला. मांडववाले काम थांबवून बघायला लागले. मला नंतर कळलं की तोही आमच्याच यादीतला, आमच्या जातीच्या दोनच ओळी वरचा. म्हणूनच जास्त घाबरत होता. आपल्या माणसाला देऊन टाकलं, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं आपल्या माणसाला सीमेपार पाठवलं होतं. हे कळल्यावर मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. दुसऱ्याच्या टेबलापुढून उठून आलेल्या माणसानं टेबल मिळताच तेच करावं, यात कीव करण्यासारखं काही नसतं. मीही तेच केलं होतं.

"कचेरीत या," तो म्हणाला. "सभा झाल्यावर."

त्या रात्री मी अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या बाहेरच्या बाजूनं अर्ज लिहीत होतो, आणि टेबलाच्या आतला माणूस कशाला घाबरतो ते मला पुरतं ठाऊक होतं. विनंती नाही, गाऱ्हाणं नाही, कुटुंबाची परिस्थिती नाही. फक्त तीन वाक्यं. सोबतच्या पुराव्यानुसार माझे वडील यादीच्या दिवशी या शहरात राहत होते. सबब दाखला देण्यात यावा. देता येत नसल्यास कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली, ते आपल्या सहीनिशी लेखी कळवावे. खाली प्रत कलेक्टरांना, प्रत अनुसूचित जाती आयोगाला. असा अर्ज माझ्या टेबलावर सगळ्या वर्षांत मोजून चार वेळा आला असेल. चारही वेळा मी काम करून दिलं होतं.

सभा आटोपल्यावर अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला. केंद्राच्या नमुन्यात, राज्याच्या शिक्क्यासह. धर्म : बौद्ध. खिडकीवरच्या बाईनं तो मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "देखो, हो गया ना?" जणू तो आपोआप व्हायचाच होता.

कागदपत्रांच्या तपासणीत दाखल्यावर अर्धं मिनिटही कुणी थांबलं नाही. मुलगी रुजू झाली. नेमणुकीच्या पत्रात एक ओळ होती : नेमणूक तात्पुरती असून राज्य सरकारकडून जातीची खातरजमा होईपर्यंत तशीच राहील. म्हणजे राज्यानं केंद्राला दिलेला कागद खरा आहे का, हे केंद्र राज्याला विचारणार होतं. विचारलंही. ते पत्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवरच्या कचेरीत दीड वर्ष पडून होतं. मुलगी रोज कामावर जात होती, तात्पुरती. तिच्यानंतर आलेले पक्के झाले. मी दोनदा चौकशीला गेलो. पहिल्यांदा कळलं, पत्र हिंदीत आहे, भाषांतराला दिलंय. दुसऱ्यांदा कळलं, तहसीलदार बदलले.

मग एका रविवारी सकाळी महसूल खात्याचा इन्स्पेक्टर घरी आला. खातरजमेचा पंचनामा करायचा होता. त्यानं आमचे कागद पाहिलेच नाहीत. त्याला शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. तो जिन्यात उभा राहून दारं वाजवू लागला. आमच्या इमारतीत आम्ही अकरा वर्षं राहतो. या अकरा वर्षांत कुणी आमची जात विचारली नव्हती, आणि आम्ही सांगितली नव्हती.

"ये दूसरे माले वाले लोगां, कौनसी जात के हैं, मालूम क्या?" जिन्यात त्याचा आवाज घुमत होता. वरून खाली, खालून वर.

तळमजल्यावरच्या कापडवाल्यानं "हमको नहीं मालूम" म्हणून दार लावलं. त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले. समोरच्या फ्लॅटमधल्या तरुणानं काय सही करतोय ते न वाचताच सही केली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मात्र खाली आल्या. निवृत्त प्राध्यापकाची बायको, बोलायला गोड. त्यांनी कागद सबंध वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला, सही केली.

"इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलं नाही हां," त्या मला म्हणाल्या. आवाजात केलेल्या उपकाराची जाणीव होती.

"हो ना," मी म्हणालो. "सरकारनं विचारलं."

मुलगी दारात उभी होती. तिनं त्या बाईंना नमस्कार केला नाही. इन्स्पेक्टरला पाणी हवं का विचारलं. नको, आत्ताच प्यायलो, तो म्हणाला. कुठं प्यायला, ते कुणाला माहीत.

दोन महिन्यांनी नेमणूक कायम झाल्याचं पत्र आलं. खाली तीन अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. मुलीनं ते मला दाखवलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्या दिवशी घरात गोडधोड काही झालं नाही. तिच्या आईनं विचारलं होतं, करू का म्हणून. मुलगी म्हणाली, "कशाबद्दल?"

उगादी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून दर वर्षी त्या दिवशी आमच्याकडं पच्चडी येते, कैरी, कडुनिंबाची फुलं, गूळ, चिंच घातलेली. आमच्याकडून त्या डब्यात काहीतरी घालून डबा परत जातो. या वर्षीही पच्चडी आली. नेहमीच्या स्टीलच्या डब्याऐवजी प्लास्टिकच्या पातळ डबीत, हॉटेलातून येते तसल्या.

"डब्बा वापस नक्को," त्यांच्या कामवालीनं दारातूनच सांगितलं.

दादांनी चमचाभर चाखून पाहिली.

"गूळ कमी पडलाय," म्हणाले, आणि उरलेली संपवली.